पहिल्या वर्षी पेरणी वाया गेली तेव्हा

ताई, तुम्ही लिहिलंत की दीर वेगळे झाल्यावर शेती तुमच्या अंगावर आली, पहिलाच हंगाम चुकला आणि तेव्हापासून रोज स्वतःलाच बोल लावता. वाचून पोटात कालवलं.

मी यवतमाळकडची. शिकवण्या सोडून गावी आले, त्या जूनमध्ये पहिल्या सरीवरच सोयाबीन पेरलं. मग पावसानं दडी मारली. पेरलेल्या ओळीत बसून बोटानं माती उकरली तर दाणे फुगून कुजलेले, वास येणारे. दुबार पेरणीचे पैसे उभे करताना मनात एकच चालू होतं, ‘तुला अक्कल नाही.’

सासूबाई म्हणाल्या, “अवं, गावात कितीकायचं बियाणं गेलं. त्यायले तू बिनअकली म्हणशील काय?”

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्म-करुणेचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेनं वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे ओळखणं, आणि दुःख न दाबता, न फुगवता पाहणं. दुसरा भाग मला सासूबाईंकडून कळला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात आधी लागतो, कारण लाज माणसाला एकटं पाडते.

हे स्वतःला माफ करून मोकळं होणं नाही. उलट, शिव्या थांबल्या तेव्हाच मला चूक नीट दिसली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हे वहीत लिहिलं.

आताही कधी रात्री तो जुना आवाज येतो. तेव्हा छातीवर हात ठेवते आणि सासूबाईंसारखं ‘अवं’ म्हणून स्वतःशी बोलायला लागते.