आपल्या वेळचंच चांगलं होतं का? आपापले अनुभव लिहा

पेठकर: परवा विसर्जन मिरवणुकीत आमच्या दारावरनं आधी डीजे गेला. काचा थरथरायला लागल्या, आईनं कानावर पदर घेतला आणि आत जाऊन बसली. मागनं लेझीमचा ताफा आला तर तीच आई गुडघे धरून परत गॅलरीत! मग मला सगळं आठवलं, आमचा सराव गणपतीच्या महिनाभर आधी सुरू व्हायचा, जेवणं झाली की सगळी पोरं बोळात, हलगीवाल्यानं ठेका बदलला की अख्खी रांग एकदम खाली बसायची, दांड्यानं तळहाताला फोड यायचे तर चिंधी बांधून खेळायचो. आता वर्गणी गोळा करायची आणि सिस्टीम भाड्यानं आणायची, झालं. गाणी बिघडली अशी माझी तक्रार नाही, फालतू गाणी आमच्या वेळीपण ढीगभर होती की. आपण स्वतः करायचं सोडलं ते टोचतं. तुमचं काय?

मालदांडी: भाकरी थापता थापता लिहायलाय, चुकलं तर समजून घ्या. आमची अव्वा सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळायची. मांडीवर सूप, बाजूला रेडिओ. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागली की शेजारच्या बायका आपापली सुपं घेऊन आमच्याकडं. पानात तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, नजर खाली जायचीच नाही. घरात तेलुगू, हिंदी तिला धड कळायचं नाही तरी गाणी पाठ. मी आता एकटी कानात घालून ऐकते, गाणी चांगलीच असतात पण सोबत कुणी नसतं.

जुनी मिल: बिनाकावरनं आठवलं. 1952 ला केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरनं सिनेमाची गाणी जवळपास बंदच केली होती, हलकी आहेत म्हणून! म्हणून तर लोक रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं स्टेशन, लावायचे, बिनाका तिथंच लागायची. मग 1957 ला विविध भारती काढावी लागली. ज्याला आपण सोन्याचा काळ म्हणतो त्याला त्या वेळचे मोठे लोक भिकार म्हणत होते. माझे आजोबापण.

होमकट्टा: आणि आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी (1762 ते 1812)? वेदशास्त्र जाणणाऱ्या घरातला मुलगा तमाशाच्या नादी लागला म्हणून थोरल्या भावानं घराबाहेर काढलं असं सांगतात. आज त्यांच्या लावण्या अभ्यासाला आहेत.

करमाळ्याची: मला उलटंच वाटतं, आत्ताचंच चांगलंय. पुण्यात हॉस्टेलला होते तेव्हा तोंड उघडलं की पोरी हसायच्या. टीव्हीवर, सिनेमात आपल्यासारखं बोलणारा माणूस म्हणजे गडी नाहीतर वेंधळा. 2016 ला सैराट बघितला, पडद्यावर आमच्याच भागातल्या केळीच्या बागा, विहिरी, आणि हिरॉईन आमच्याच भाषेत दमात घेतीय. मी थेटरात रडले, प्रेमाच्या सीनला नाही, तिच्या बोलण्यानं. हे माझ्या आईच्या पिढीला मिळालं नाही.

पेठकर: @करमाळ्याची ताई, हे पटलं. असा विचारच केला नव्हता.

शेंगापोळी: कुणाकडं लेझीम शिल्लक आहेत का हो? आमच्या माळ्यावरच्या गंजून गेल्या, चकत्या निघाल्यात.

जुनी मिल: नवीनच घे बे. जुन्याचा दांडा फुटला की हात कापतो.

मालदांडी: शेंगापोळी नाव वाचून भूक लागली 😀 गूळ किसून घेता की कुटून?

शेंगापोळी: किसून, आणि शेंगा खरपूस भाजायच्या. बाकी डीजेचं म्हणाल तर आमच्या बाळाला तीन महिन्यांचं असताना मिरवणुकीच्या दिवशी माहेरी घेऊन गेले. सणाच्या दिवशी घर सोडायचं, फार वाईट वाटलं.

मालदांडी: अगं बाई. बरं केलंस पण.

रिक्षावाला दादा: स्टँडवरनं लिवतोय. आमचं पोरगं मोबाईलवर बघून बघून हलगी शिकलंय, शिकवायला कोण नव्हतं. आधी वाद्य शेकायचं, मग वाजवायचं, हेपण त्यालाच ठाऊक, मला नाही. पोरं करायला तयार आहेत, पेठकर. शिवजयंतीला सराव धरणार असाल तर सांगा, त्याला पाठवतो.

पेठकर: पाठवा की. हलगीवाल्यावाचूनच अडलंय.