आईच्या ओव्यांच्या बुरशी लागलेल्या कॅसेट : मदत हवी आहे

माझ्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या १९९१ साली माण तालुक्यातील आमच्या घरी तीन सी-९० कॅसेटवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. येत्या माघात तिचे वर्षश्राद्ध आहे आणि तोपर्यंत नातवंडांना आजीचा आवाज ऐकवावा, तसेच ओव्यांची छोटी पुस्तिका द्यावी, अशी इच्छा आहे.

एक कॅसेट व्यवस्थित वाजते. तिच्यावरून संगणकावर वेव्ह फाइल करून घेतली आहे. उरलेल्या दोन्हींच्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी आहे. त्यांपैकी एकीत फीत दाबून धरणारी नमद्याची गादी निखळली असून तिचे कवच स्क्रूचे नाही, चिकटवलेले आहे. शहरातील एका दुकानदाराने ‘वाजवून पाहू’ म्हटले, परंतु फीत तुटण्याच्या आणि बुरशी यंत्रात पसरण्याच्या भीतीने मी नकार दिला. दोन्ही कॅसेट सध्या कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या आहेत. दुसरी प्रत नाही, त्यामुळे प्रयोगाला वाव नाही. कॅसेट कुरिअरने पाठवण्याचीही तयारी नाही, पुण्यापर्यंत मात्र स्वतः घेऊन येऊ शकेन.

शब्दांकनात ‘माज्या’, ‘सयेबाई’ असे तिचे उच्चार जसेच्या तसे ठेवणार आहे, त्यामुळे प्रमाणभाषेचा सल्ला नको.

अशी फीत नव्या कवचात बसवण्यापूर्वी बुरशी कोरड्या, मऊ कापडाने पुसावी की आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे, आणि पुण्यात हे काम स्वतः केलेले कोणी आपल्या माहितीत आहे काय?