मदत हवी आहे : पावसाळ्यात कायटोसानची पट्टी हलेनाशी झाली

कुसळी_गवत :
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चा प्रकल्प, मुक्काम रत्नागिरी. कोळंबीच्या सालांपासून निघतं ते कायटोसान, २ टक्के, सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवून थोडं ग्लिसरीन घातलं आणि काचेवर ओतून वाळवलं. साधारण ३० मायक्रॉनचा पापुद्रा सुटला. त्याच्या एका बाजूला पारदर्शक पॅकिंग टेप लावून पट्ट्या कापल्या. फेब्रुवारीत नुसता तळवा जवळ नेला की घामाच्या वाफेनेच पट्टी टेपच्या बाजूला वळायची, हात काढला की सरळ! सर खूश, मी त्याहून खूश.

आता जुलै. खोलीतला आर्द्रतेचा मीटर ८८ टक्के दाखवतो. पट्टी सकाळपासूनच गुंडाळी होऊन बसलेली, हात नेला तरी ढिम्म. हेअर ड्रायर मारला की उघडते, पण पूर्ण सरळ होत नाही, आणि दर वेळी जास्तच आळशी होते. म्हणून १०० मायक्रॉनचा पापुद्रा केला, तर तो आणखी सुस्त. तोंडी परीक्षेला या पट्टीने कागदाची छोटी झडप उचलून दाखवायची आहे. पंधरा दिवस उरलेत.

पापड_सादळला :
कोकणात जुलैत पापड, तबला आणि प्रकल्प, तिन्ही सादळतात. तुमचं नाव मात्र चपखल आहे. कुसळीचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटतो, सुकलं की पुन्हा बसतो, तसंच करत ते मातीत घुसतं. (आणि मोज्यात.)

पातळ_थर :
पट्टी बिघडलेली नाही, तिला हलायला जागाच उरलेली नाही. टेप लावली त्या दिवशी हवेत जेवढा ओलावा होता तोच तिचा शून्यबिंदू, म्हणजे तेवढ्या ओलाव्याला ती सरळ. तुमचा शून्य फेब्रुवारीतला. आता ती ८८ वर आधीच फुगून वळलेली आहे, हाताने आणखी कितीसा ओलावा मिळणार?

आळशीपणाचा गुन्हेगार माझ्या मते टेपचा गोंद. दाब दिला की चिकटणारा हा गोंद मऊ असतो. ताण टिकून राहिला की हळूहळू घसरतो, आणि पापुद्र्याचं फुगणं टेपपर्यंत पोचतच नाही. ड्रायरच्या उष्णतेने तो अजून सैल होतो. शिवाय ड्रायरने उष्णता आणि कोरडेपणा एकदम मिळतात, त्यामुळे कशाचा परिणाम काय हे कळत नाही. तो बंद करा.

टेपऐवजी १२ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म घ्या, छपाईसाठी कोरोना प्रक्रिया केलेली (म्हणजे शाई धरावी म्हणून पृष्ठभागावर विजेचा मारा केलेली). पाण्याचा थेंब ज्या बाजूला पसरतो त्या बाजूवर द्रावण थेट ओता. जाडीचं गणित टिमोशेंको या अभियंत्याने १९२५ साली दोन धातूंच्या पट्टीसाठी मांडलं, तेच इथे चालतं. दोन्ही थरांचा 'ताठरता गुणिले जाडीचा वर्ग' सारखा आला की वळण सर्वांत जास्त मिळतं. दमट कायटोसान पॉलिएस्टरच्या चौथाई ताठ धरलं तर जाडी दुप्पट, म्हणजे २४ मायक्रॉन. एकूण जाडी १२ + २४ = ३६. फुगण्यातला फरक १ टक्का धरला तर त्याच गणिताने वळणाची त्रिज्या = ३६ ÷ (१.५ × ०.०१) = २४०० मायक्रॉन. अडीच मिलिमीटरसुद्धा नाही!

१०० मायक्रॉन सुस्त का? ओलावा आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. ३० चे १०० केलेत, म्हणजे सुमारे अकरा पट.

कुसळी_गवत :
बापरे, मी उलट दिशेनेच पळत होतो. पण खोली ८८ वर असताना शून्य कुठे धरू?

पातळ_थर :
खोलीत नकोच. क्लिपवाले हवाबंद डबे घ्या आणि आत वाटीत क्षाराचं संपृक्त द्रावण (आणखी क्षार विरघळणार नाही असं) ठेवा, तळाशी न विरघळलेला क्षार दिसला पाहिजे. त्याने डब्यातली आर्द्रता ठरावीक राहते. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के देतं, मीठ ७५, पोटॅशियम सल्फेट ९७. पट्टी ३३ च्या डब्यातून ७५ च्या डब्यात. तुमचा मीटरही त्यातच पडताळून घ्या, स्वस्त मीटर ८० च्या वर बऱ्याचदा थापा मारतात.

रसायनवाली_ताई :
एक राहिलं. आम्ल धुवून काढलंय का? अ‍ॅसिटेट रूपातलं, म्हणजे आम्ल न धुतलेलं कायटोसान जास्त ओलाव्यात चिकट होतं, पाण्यात विरघळतंसुद्धा. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडव आणि सामू उदासीन होईपर्यंत धू. फिल्म भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून वाळव, नाहीतर सुरकुत्या पडतील. फुगणं थोडं कमी होईल, पण परत जागेवर येईल. ग्लिसरीनही निम्मं कर. ते स्वतःच पाणी ओढतं आणि पापुद्रा ढिला करतं. हातमोजे, चष्मा घालूनच हं.

पातळ_थर :
ताईंचं बरोबर. अजून एक, झडप ओली होताना उचलू नका. फुगलेला थर मऊ असतो, जोर तेव्हाच सर्वांत कमी. सुकताना तो ताठ होतो, म्हणून उचलण्याचं काम सुकण्यावर टाका. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ओझगुर साहिन यांच्या गटाने २०१५ साली ओलाव्याने फुगणारे जिवाणूंचे बीजाणू पातळ पॉलिइमाइड (एक प्लास्टिक) फिल्मवर एकाआड एक दोन्ही बाजूंना लावले, त्यामुळे वळण्याचं रूपांतर सरळ आखडण्या-पसरण्यात झालं. वेळ उरला तर तेही करून बघा.

कुसळी_गवत :
चार दिवसांनी अपडेट. पॉलिएस्टर एका छपाईवाल्या काकांकडून फुकट मिळाली. ७५ च्या डब्यात पट्टी अंगठीएवढी वळते, ३३ मध्ये उघडते. वीस फेऱ्या झाल्या, अजून तशीच. फक्त कापलेल्या कडेला थर सुटायला लागलाय. कात्रीऐवजी ब्लेडने कापू का?

रसायनवाली_ताई :
ब्लेडनेच. आणि कोरड्या डब्यातून काढून लगेच नको, आधी खोलीत थोडी सादळू दे. कोरडी कड तडकते.