तीस वर्षांनी खुनाची फाईल पुन्हा उघडते का?

गोदाकाठ: नाशिकच्या विजयानंद थिएटरात इंग्रज कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या 21 डिसेंबर 1909 ला, कान्हेरेंना ठाण्यात फाशी 19 एप्रिल 1910 ला. चार महिनेसुद्धा नाहीत! दाभोलकरांचा खून 2013 चा, निकालाला मात्र 10 मे 2024 उजाडला. मग नव्वदच्या दशकातल्या, आरोपीच न सापडलेल्या, 'ए समरी' झालेल्या खुनाचं काय? मुदत संपते का?

सीबीएस_वकील: मुदतीचं डोक्यातून काढून टाका. ती तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना, खुनाला नाही. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळत नाही, एवढंच. नवा पुरावा आला की पुढील तपास होतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 173(8), आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 193(9). खुनाचं कलम जुन्या भारतीय दंड संहितेचं 302 च, कारण नवी न्याय संहिता 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना लागते.

आधी कोर्टात नकलेचा अर्ज टाका आणि समरीच्या आदेशाची शेवटची ओळ वाचा. 'मुद्देमाल मूल्यहीन, नष्ट करावा' असं असेल तर निम्मी केस तिथेच गेली.

पिंपळपार: मुद्देमाल असला तरी कसा ठेवलाय ते बघा. रक्ताचा शर्ट ओलाच प्लास्टिकमध्ये बांधला असेल तर बुरशी आणि जिवाणूंनी डीएनए संपवलेला असतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवलेला असेल तर आशा आहे. एक नॅनोग्रॅमच्या आसपास डीएनए पुरतो. पण त्या काळी रक्तगट तपासायलाच डाग कापून वापरायचे, म्हणून सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमध्ये नमुना उरला का ते पाहा. पंचनाम्यातलं सील आणि मुद्देमाल रजिस्टरची नोंद जुळली नाही, तर बचाव पक्ष तेवढ्यावरच खेळतो.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर वारले असतील तर त्यांचं अक्षर ओळखणारा साक्षीदार चालतो. प्रत्यक्षदर्शी गेला असेल तर मात्र त्याचा पोलिसांपुढचा जबाब निव्वळ कागद.

गोदाकाठ: मग अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्सच्या 1963 च्या खुनाला 1994 मध्ये शिक्षा कशी झाली? त्याच आरोपीवर आधी खटले चालले होते ना?

सीबीएस_वकील: 1964 मध्ये दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमतच झालं नाही. निर्दोष सुटका नव्हती, म्हणून तिसरा खटला चालला. आपल्याकडे एकदा निर्दोष सुटला की त्याच गुन्ह्याचा नवा खटला नाही, फक्त अपील.

पिंपळपार: आणि तिथेही घोडं मुद्देमालावरच अडलं होतं. रायफल शेवटी सापडली ती सरकारी वकिलाच्या न्यायाधीश सासऱ्यांच्या घरात. पहिल्या खटल्याच्या साक्षींची प्रत एव्हर्सच्या पत्नीने जपून ठेवली होती.