शब्दचर्चा : ‘मृतांचा बाप्तिस्मा’, ‘मृतांसाठी’, ‘वतीने’ की ‘नावे’? (तळटीप, प्रत्यय, कुळवृत्त आणि वसईकर ही चर्चा करणाऱ्यांची टोपणनावे.)

तळटीप : मॉर्मन चर्च या अमेरिकेत सुरू झालेल्या पंथात हयात माणूस मृत माणसाच्या जागी पाण्यात उतरतो आणि बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी, घेतो. यहुदी आणि कॅथलिक दोघांचाही या विधीला विरोध आहे. मराठीत त्याला काय म्हणावे? ‘मृतांचा बाप्तिस्मा’, ‘मरणोत्तर बाप्तिस्मा’, ‘प्रातिनिधिक बाप्तिस्मा’ हे पर्याय सुचतात. यातला कोणता चालेल?

प्रत्यय : तिन्ही नकोत. ‘मृतांचा’ म्हटले की प्रेतालाच पाणी लागल्यासारखे वाटते. प्रेताला बाप्तिस्मा देणे ही वेगळीच गोष्ट असून कार्थेजच्या धर्मपरिषदेने ३९७ मध्ये तिला मनाई केली होती. मॉर्मन विधीत प्रेत कुठेच नसते. ‘मरणोत्तर’मध्येही तोच घोळ होतो. ‘प्रातिनिधिक’चा अर्थ तर मराठीत पार वेगळा. ‘प्रातिनिधिक कविता’ म्हणजे नमुन्यादाखल निवडलेल्या कविता, कोणाच्या बदली लिहिलेल्या नव्हेत.

सगळा वाद बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या १५:२९ या एका वचनापाशी येतो. त्यात मृतांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख आहे. तिथला ग्रीक शब्द ‘हुपेर’. त्यात ‘साठी’ही आहे आणि ‘वतीने’ही. इतर चर्चांचे म्हणणे असे की पौल तिथे ‘जे असे करतात ते’ म्हणतो, ‘तुम्ही करा’ म्हणत नाही. चौथ्या शतकात क्रिसोस्टम या धर्मगुरूने मार्किओन या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती गुरूच्या अनुयायांवर टीका करताना त्यांची रीत सांगितली आहे : बाप्तिस्म्याआधीच कोणी वारला तर त्याच्या पलंगाखाली जिवंत माणूस लपवायचा, मृताला प्रश्न विचारायचा आणि खालून उत्तर द्यायचे. मुख्य प्रवाहाने ही रीत नाकारली. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या नॉवू गावी १८४० मध्ये एका अंत्यविधीच्या प्रवचनात मृतांसाठी बाप्तिस्म्याची कल्पना नव्याने मांडली. पहिले विधी मिसिसिपी नदीतच झाले.

कुळवृत्त : नाव ठरवण्याआधी विधी नेमका पाहू. मंदिरातला हौद बारा बैलांच्या पुतळ्यांवर पेललेला असतो. शलमोनाच्या मंदिरातल्या गंगाळसागराची ती आठवण. पुरुषाच्या नावे पुरुष, स्त्रीच्या नावे स्त्री. पांढरे कपडे. विधी करणारा उजवा हात वर करून आधी हौदातल्या माणसाला हाक मारतो, मग ‘जो मृत आहे त्या अमुकच्या वतीने’ असे म्हणत मृताचे नाव घेतो आणि हौदातल्या माणसाला पूर्ण बुडवतो. दोन साक्षीदार बघत असतात. केस किंवा कपड्याचे टोक पाण्यावर राहिले, किंवा शब्द चुकले, तर त्याच नावासाठी पुन्हा बुडवायचे. एकच माणूस एका खेपेस अनेक नावे घेतो. वयाच्या आठव्या वर्षाआधी वारलेल्या मुलांसाठी विधी लागत नाही.

चर्चची भूमिका अशी की मृताला परलोकात तो बाप्तिस्मा स्वीकारायची किंवा नाकारायची मुभा असते, आणि त्याचे नाव सभासदांच्या यादीत चढत नाही. म्हणून ‘मृतांचे धर्मांतर’ हा शब्द त्यांना मान्य नाही.

वसईकर : आमच्याकडे कॅथलिकांत ‘स्नानसंस्कार’ हा शब्द रूढ आहे, पण इथे तो घेऊ नका. ‘मृताच्या नावाने स्नान’ म्हटले की मराठी कानाला ‘त्याच्या नावाने आंघोळ केली’ ऐकू येते, म्हणजे संबंध तोडला, तो आपल्याला मेला. विधीचा हेतू तर नाते जोडण्याचा. ‘बाप्तिस्मा’च ठेवा.

शिवाय २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मनांचा बाप्तिस्मा, जिवंतांचासुद्धा, ग्राह्य नाही असा निर्णय दिला. २००८ मध्ये पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदवह्या मॉर्मनांच्या वंशावळ संस्थेला देऊ नयेत असे बिशपांना कळवले. नावे मिळतात ती अशाच वह्यांतून.

प्रत्यय : आता ‘वतीने’. विधीच्या शब्दांत ते आहेच, पण मराठीत ‘अशिलाच्या वतीने वकील’ म्हणताना वकीलपत्र गृहीत असते. यहुद्यांचा आक्षेप नेमका तिथेच आहे : हे वकीलपत्र दिले कोणी? ज्यांना यहुदी म्हणून मारले गेले त्यांच्या नावापुढे ख्रिस्ती विधीची नोंद का? सक्तीच्या बाप्तिस्म्याचा मोठा इतिहास त्यांच्या मागे आहे, आणि पुढे कोणी ती नोंद पाहून ‘हे ख्रिस्तीच होते’ म्हणेल ही भीतीही. मॉर्मन चर्च आणि यहुदी संघटना यांच्यातल्या १९९५ च्या करारानंतर होलोकॉस्टमधल्या सुमारे ३,८०,००० जणांची नावे नोंदींतून काढली गेली. मॉर्मनांच्या थेट पूर्वजांचा तेवढा अपवाद. तरी २०१२ मध्ये ॲन फ्रँक (होलोकॉस्टमध्ये बळी पडलेली रोजनिशीकार मुलगी) हिच्या आणि नाझी गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या सायमन विझेन्थालच्या आईवडिलांच्या नावे विधी झाल्याचे उघड झाले. नियम होता, पण नावे भरणारे सभासद जगभर पसरलेले, आणि चाळणी अपुरी. गांधीजींच्या नावे विधी झाल्याचे वृत्तही त्याच वर्षी आले.

तळटीप : पण हे श्राद्ध-तर्पणासारखेच नाही का? तिथेही हयात माणूस मृतासाठी करतो.

कुळवृत्त : साम्य आहे, आणि ते फक्त रक्ताच्या नात्यापुरते नाही. तर्पणात ‘बान्धवा अबान्धवा वा’ म्हणतात, भीष्माष्टमीला भीष्मांचा कोणी नसलेलाही पाणी देतो. फरक असा की तर्पणाने मृत दुसऱ्या धर्मात जात नाही. बाप्तिस्मा हा प्रवेशाचा विधी आहे. मॉर्मन नियमातही नात्याची जाण आहे : गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्याच्या नावे करायचे तर जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते.

प्रत्यय : म्हणून माझे मत ‘नावे’ला. बायबलचे वचन सांगताना ‘मृतांसाठी’, चर्चचे मंत्रवत शब्द देताना ‘वतीने’, आणि आपल्या स्वतःच्या वाक्यात ‘मृतांच्या नावे घेतलेला बाप्तिस्मा’. सातबाऱ्यावर एखाद्याच्या नावे नोंद होते तशी. तिथे त्याने होकार दिला की नाही हे शब्द सांगत नाही.

वसईकर : क्रियापदही सांभाळा. ‘ॲन फ्रँकला बाप्तिस्मा दिला’ नको, ‘ॲन फ्रँकच्या नावे बाप्तिस्मा घेतला गेला’ लिहा. ‘बाटवले’ हा शब्द आक्षेप घेणाऱ्याच्या तोंडी असेल तरच, आणि अवतरणचिन्हांत.