उन्हाळी सहल, भारतातून आलेले आई-बाबा आणि कॅलगरीतला धूर

सप्रेम नमस्कार मंडळी,

सहलीची तारीख ठरायच्या आधी एक विचारायचं होतं. माझे सासू-सासरे नुकतेच पुण्याहून आलेत, ऑक्टोबरपर्यंत राहतील. सासऱ्यांना दमा आहे, पण सकाळी तासभर पायी फिरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. काल धूर जाणवत होता म्हणून त्यांना थांबवलं, तर फोन दाखवून म्हणाले, "अगं, सात तर आहे. आमच्याकडे दिवाळीत दोनशे असतो." मला उत्तर सुचेना. त्यांना काय सांगू? आणि ऑगस्टमधल्या सहलीला त्यांना न्यावं की नाही?

— एक सभासद

*

ताई, आधी त्या सातबद्दल. दर वर्षी आपली वडीलधारी माणसं नेमकी याच आकड्याला फसतात.

भारतातला एक्यूआय, म्हणजे हवा किती दूषित आहे ते सांगणारा आकडा, शून्य ते पाचशेच्या पट्टीवर असतो. इथे कॅनडात दाखवतात तो एक्यूएचआय, म्हणजे हवेचा तब्येतीला किती धोका आहे ते सांगणारा आकडा. त्याची पट्टी एकपासून सुरू होते आणि दहानंतर नुसतं "दहाच्या वर" लिहितात. १ ते ३ धोका कमी, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० जास्त. तेव्हा सात म्हणजे दहापैकी सात, हे त्यांना सांगा. सातला दमेकऱ्यांनी बाहेरचं फिरणं पुढे ढकलायचं, आणि धडधाकट माणसांनीही दमछाक होईल असं काही करायचं नाही. दमा असेल तर चारपासूनच जपायला हवं.

मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. २०२३च्या मे महिन्यात आकडा दहाच्या वर गेला होता, तेव्हा एक आजोबा नाका-तोंडाला ओला पंचा बांधून आले होते. नातवाने बांधून दिला होता, किती मायेने! पण धुरातले त्रासदायक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे. ते ओल्या कापडाला जुमानत नाहीत, साध्या निळ्या मास्कच्या कडेनेही आत शिरतात. एन-९५ मास्क हवा, आणि तो गालाला घट्ट बसलेला. बाबांचा पंप संपत आलेला नाही ना, तेही आजच बघून ठेवा. धाप वाढली, बोलताना वाक्य तुटायला लागलं तर वाट न बघता ९११, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर. नुसती शंका असेल तर ८११ वर चोवीस तास नर्स भेटते.

आणि घरात एक खोली राखा. खिडक्या बंद, फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचा, पंखा "ऑटो"वर न ठेवता "ऑन"वर, आणि फर्नेसला पेलत असेल तर मर्व्ह-१३ दर्जाचा, बारीक कण अडवणारा फिल्टर. हे फिल्टर मेमध्येच आणून ठेवा, धूर आल्यावर दुकानातलं ते शेल्फ रिकामं असतं. एअर प्युरिफायर नसेल तर चौकोनी बॉक्स फॅनला चार मर्व्ह-१३ फिल्टर टेपने चिकटवून खोका करतात, तो उत्तम चालतो.

आता आपल्या घरांचं खास. धुराच्या दिवशी खिडक्या लावायच्या आणि आत मिरचीची फोडणी, पुऱ्या तळणं, देवापाशी उदबत्ती, असं केलं की आतली हवा बाहेरच्याइतकी बिघडू शकते. चिमणी लावली तर ती आतली हवा बाहेर फेकते, आणि तेवढीच धुराची हवा फटींतून आत येते. दोन दिवस वरण-भात, मऊ खिचडी, कोशिंबीर यांवर काढा. उदबत्तीऐवजी फुलं वाहा. सासूबाईंना कारण नीट सांगितलंत तर त्या नक्की समजून घेतील.

— सभासद, नॉर्थवेस्ट

*

नमस्कार,

अंदाजाबद्दल थोडं लिहितो. हंगामी अंदाजाच्या नकाशावर आपला अल्बर्टा प्रांत लाल दिसला की फोन सुरू होतात. तो लाल रंग एवढंच सांगतो की उन्हाळा नेहमीपेक्षा गरम असण्याची शक्यता जास्त आहे. कोणत्या शनिवारी धूर येईल ते त्यातून कळत नाही.

कारण आपल्याकडचा धूर बहुतेक वेळा दुरून येतो. कधी शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून रॉकीज पर्वत ओलांडून, कधी उत्तरेच्या जंगलांतून. आग कुठे आहे यापेक्षा वारा कुठून आहे ते महत्त्वाचं. आगींचा मोसमही आपण समजतो त्याहून लांब आहे, अल्बर्टात तो अधिकृतपणे १ मार्च ते ३१ ऑक्टोबर धरतात. बर्फ वितळलेलं असतं, गवत अजून हिरवं झालेलं नसतं, त्या मधल्या दिवसांत सगळं वाळून खडखडीत झालेलं असतं. उत्तर अल्बर्टातलं फोर्ट मॅकमरी २०१६ साली मे महिन्यातच रिकामं करावं लागलं, ऐंशी हजारांहून जास्त माणसं एका रस्त्याने निघाली. उत्तरेकडच्या दलदलीतली आग तर जमिनीखाली हिवाळाभर धुमसते आणि वसंतात पुन्हा वर येते. जुलै-ऑगस्टात विजा पडून लागणाऱ्या आगी वेगळ्याच. रॉकीजमधलं जॅस्पर गाव जळालं ते २०२४च्या जुलैअखेर. तिथल्या ज्या रस्त्यांवरून पाहुण्यांना हौसेने फिरवलं होतं, ते रस्ते बातम्यांत पाहवत नव्हते.

आकाशाच्या रंगावरही जाऊ नका. धूर उंचावर असेल तर सूर्य तांबडा दिसतो आणि खाली हवा बरी असते. उलट कधी वास येत नाही, तरी आकडा वाढलेला असतो. आकडा बघायचा, तोही त्या-त्या तासाचा.

माझं मत सहल जूनच्या उत्तरार्धात घ्यावी असं आहे. जून इथला सगळ्यात पावसाळी महिना, हे मान्य. पण पावसात मंडपाखाली बसून जेवता येतं, धुरात तेही नाही.

— जुना सभासद

*

नमस्कार,

तिन्ही पत्रं कार्यकारिणीत वाचली. सहल जूनच्या शेवटच्या शनिवारी करतोय, आणि त्याच दिवसासाठी एक कम्युनिटी हॉलही धरून ठेवलाय. अनामत मंडळ भरेल. शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा एक्यूएचआय अंदाज बघू. चार किंवा त्याहून जास्त असेल तर सगळे हॉलवर, रात्री आठपर्यंत मेल येईल. मेल न बघणाऱ्या आजी-आजोबांना फोन करायला चार जण हवे आहेत.

ताई, बाबांना घेऊन या. हॉलमध्ये जायची वेळ आली तर कॅरम आहे, आणि त्यांच्या पायांना चैन पडावी म्हणून आत फेऱ्या मारण्याइतकी जागाही आहे.

— सचिव

*

सचिवदादा, फोन करणाऱ्यांत माझं नाव लिहा. बाबांना पट्टी कागदावर काढून दाखवली. त्यांनी तो कागद फ्रिजवर लावलाय, आणि आज आकडा दोन बघूनच फिरायला गेलेत.