इटलीला जाण्याआधी इटालियन शिकावी का?

कोकणकडा (धागाकर्ता)

इटलीची सहल ठरली की व्हिसा, विमा, युरो यांची तयारी महिनोन्महिने चालते, भाषेची मात्र कुणी करत नाही. माझं ठाम मत आहे की टूर कंपनीशिवाय जाणाऱ्याने आधी दोन-तीन महिने रोज थोडी इटालियन शिकावीच. गप्पा मारण्यासाठी नव्हे, फलक वाचता यावेत आणि विचारलेल्याचं उत्तर कळावं म्हणून.

भाड्याची गाडी घेऊन तस्कनीत फिरणाऱ्यांचंच बघा. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, सगळीकडे जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेला भाग असतो. त्याच्या तोंडाशी दिव्यांची पाटी असते, 'वार्को आत्तीवो'. इंग्रजीच्या अंदाजाने वाचणाऱ्याला वाटतं, रस्ता सुरू आहे. खरं तर कॅमेरा सुरू आहे, आत जायचं नाही! 'नॉन आत्तीवो' दिसलं तरच जायचं. दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते, आणि गाडी देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे वेगळे पैसे कापते.

रेल्वेचंही तसंच. संपाला 'शोपेरो' म्हणतात आणि इटलीत संप नेहमीचे. तो शब्द स्टेशनवरच्या नोटिशीत ओळखता आला तर आदल्या दिवशीच दुसरी सोय करता येते.

आकाशकंदील

असहमत. नोकरी करणाऱ्याला आठ-दहा दिवसांची रजा मिळते, तेवढ्यासाठी दोन-तीन महिने क्रियापदांची रूपं घोकायची? फोनचा कॅमेरा पाटीवर धरला की भाषांतर समोर. संग्रहालयांची तिकिटं इंग्रजीत ऑनलाइन मिळतात, मोठ्या स्टेशनांवर घोषणाही इंग्रजीत होतात.

त्या वेळात इतिहास वाचा. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा घुमट १४३६ मध्ये लाकडी कमानींच्या पूर्ण आधाराशिवाय कसा उभा राहिला, तिथल्या धनाढ्य मेदिची घराण्याने चित्रकारांना का पोसलं, हे ठाऊक नसेल तर फ्लॉरेन्सला जाऊन नुसते फोटो काढून यायचे. तिथे इटालियन येऊन काय उपयोग?

शिवाय पुस्तकातली इटालियन सगळीकडे कानावर पडते असंही नाही. नेपल्सचे लोक आपसात नापोलितान ही तिथली बोली बोलतात. उत्तरेकडच्या बोल्झानो प्रांतात तर बहुसंख्यांची मातृभाषा जर्मन आहे.

ओवी

आकाशकंदील, गाडी चालवताना कॅमेरा पाटीवर कोण धरणार? आणि जेवणाचं काय? आमच्याकडे आई-बाबा पूर्ण शाकाहारी आहेत, म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे.

'मांस नको' एवढंच सांगितलं तर मासा चालत असेल असं समोरच्याला वाटू शकतं. मिनेस्त्रोने भाज्यांचं सूप खरं, पण ते कधी मांसाच्या 'ब्रोदो'त, म्हणजे रश्श्यात, शिजवतात. रोमान्या भागातल्या पारंपरिक पियादिना रोटीत 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी असते. पार्मिजानो चीज तर नियमाप्रमाणे वासराच्या जठरातल्या रेनेटनेच विरजतात. युरोपच्या कायद्याने १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती हॉटेलला द्यावी लागते. त्यात दूध, अंडी, मासे आहेत, पण मांस आणि चरबी नाहीत. म्हणजे मेनूवरच्या ॲलर्जीच्या खुणा वाचूनही शाकाहारी माणसाला पुरेशी माहिती मिळत नाही. विचारावंच लागतं.

आकाशकंदील

ओवीताई, मुद्दा रास्त आहे. पण ही वीस-पंचवीस शब्दांची यादी झाली, भाषा नव्हे. कागदावर लिहून न्या आणि वेटरला दाखवा.

कोकणकडा

कागद दाखवून प्रश्न विचारता येतो. वेटर म्हणाला, 'रस्सा मांसाचा आहे, पण दुसरं एक सूप देतो, त्यात फक्त थोडी चरबी आहे', तर ते कागदाला कसं कळणार?

पेरुजावासी

मी इथे उंब्रिया भागातल्या पेरुजा शहरात शिकते. परदेशी लोकांना इटालियन शिकवणारं इथलं विद्यापीठ जुनं आहे, ते वर्ग १९२१ पासून चालतात. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस एवढंच करणार असाल तर इंग्रजीवर खुशाल निभावून न्या. त्या तीन शहरांच्या बाहेर पाऊल टाकणार असाल तर मात्र शिकाच. उंब्रियातल्या लहान गावात बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं आणि रविवारी ते दुकान बंद असू शकतं. अशा वेळी पारावरच्या आजोबांनाच विचारायचं असतं आणि त्यांना इंग्रजी येत नाही.

आणि मराठी माणसाने घाबरू नये. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. जोडाक्षरं आपल्याला जन्मजात येतात, त्यासाठी वर्गातली अमेरिकन मुलं महिनाभर झगडतात. वडीलधाऱ्यांना 'तू' म्हणायचं नाही, 'लेई' म्हणायचं, हेही आपल्याला शिकवावं लागत नाही. दुकानात शिरल्यावर आधी 'बोंजोर्नो' म्हणा, मग काय हवं ते विचारा. थेट विचारणं इथे उद्धटपणाचं वाटतं.

आकाशकंदील

लहान गावांपुरतं मान्य. पहिल्यांदा जाणाऱ्याला मात्र मी आजही इतिहासच वाचायला सांगेन. गाडी भाड्याने घेणार असाल तर पाट्या तेवढ्या पाठ करा, किंवा सरळ गावाबाहेरच्या वाहनतळात गाडी लावून चालत जा.

ओवी

पेरुजावासी, शाकाहारी लोकांनी तिथे बिनधास्त काय मागवावं? पिझ्झा मारिनाराच्या नावात समुद्र असला तरी त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं, चीजही नसतं. आई-बाबांसाठी मी तोच ठरवला आहे. आणखी सुचवा.